हेवूडने उघडलेलं दार

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंना पैसे द्यावेत का, हा वाद आपण आजचा समजतो. पण १९७० मध्ये जाऊन बघूया. शाळा संपून चार वर्षं होईपर्यंत खेळाडू घ्यायचा नाही, असा एनबीएचा नियम होता. तोवर कॉलेजात खेळा; शिष्यवृत्ती मिळेल, पगार नाही. स्पेन्सर हेवूडची आई मिसिसिपीत कापूस वेचायची. त्याला थांबणं परवडणारं नव्हतं. मुदतीआधीच सिएटलने त्याला घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला खेळण्याची मुभा दिली. पुढे शाळेतून थेट एनबीएत मुलं आली. २००५ मध्ये करारातून १९ वर्षांची अट आली, तेव्हा ब्रँडन जेनिंग्जने कॉलेजऐवजी इटली गाठली. २०२१ पासून खेळाडू जाहिरातींतून कमावतात, २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ शकतात. मग आपण विचारायला हवं: ती चार वर्षं नेमकी कुणाच्या हिताची होती?