पूर्वजांची खडतर वाटचाल

मारवाडातून आलेला मूळ पुरुष लोटा आणि दोरी एवढेच घेऊन निघाला, असे हिंगोली परिसरातील अनेक जैन घरांत अभिमानाने सांगितले जाते. उक्ती गोड असली तरी अर्धीच खरी आहे. आधी येऊन स्थिरावलेला काका, मेहुणा किंवा गावबंधू कोठेतरी दुकान मांडून बसलेला असे. त्याच्या गादीवर नवा मुलगा झाडलोट, तराजू आणि वहीखाते शिके. पुढे त्याच्याच भरवशावर उधारीचा माल मिळे. शिवाय मराठी बोलणारे सैतवाळ जैन मराठवाड्यात त्यापूर्वीपासून नांदत होते, हेही विसरू नये.

विक्रम संवत १९५६, म्हणजे सन १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ मारवाडच्या स्मृतीत कायमचा कोरला गेला. परंतु त्याच साली वऱ्हाड आणि निजाम राज्याचा मराठवाडाही होरपळत होता. त्या वर्षी ज्यांनी घर सोडले, ते एका दुष्काळातून निघून दुसऱ्यात पोहोचले.

पूर्णा-हिंगोली रेल्वे १९१२ साली झाली. तत्पूर्वी अकोल्याच्या स्थानकावर उतरून वाशीममार्गे सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास बैलगाडीने करावा लागे. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि पाणी गाळून पिणे हे नियम अशा वाटेवर पाळणे म्हणजे तपश्चर्याच होती. पैनगंगा ओलांडली की राज्य बदले. कापडाच्या गाठींवर निजामाच्या करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा भार पडे; कनेरगावच्या नावापुढे ‘नाका’ हा शब्द अजूनही लागतो. नाणेही बदले. इंग्रजी कलदार सहा रुपयांना हाली सिक्क्याचे साधारण सात रुपये पडत. अकोल्याची खरेदी कलदारात आणि खेड्यातील विक्री हालीत, त्यामुळे बट्ट्याचा हिशेब चुकला की नफा तेथेच संपे.

आरंभीचा धंदा फेरीचा होता. धोतरे, लुगडी, खण यांचे गाठोडे पाठीवर किंवा तट्टावर घालून आठवडी बाजार करावे लागत. माल उधार द्यायचा आणि कापूस-ज्वारी घरात आल्यावर वसुली करायची. पाऊस फसला की शेतकरी आणि व्यापारी दोघेही बुडत. मात्र शेतकऱ्याची जमीन गहाण पडे, व्यापाऱ्याची केवळ वही कोरडी राही. कौटुंबिक कथांत ही दुसरी बाजू क्वचितच येते. कचेरीचे कागद उर्दूत असल्याने ती लिपीही अनेकांना शिकावी लागली.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने निजाम राज्यातील सीमाभागांतून अनेक कुटुंबांनी शेजारच्या भारतीय प्रदेशात आसरा घेतला. हिंगोलीकरांना जवळचा आसरा पैनगंगेपलीकडील वऱ्हाडाचाच होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यानंतर परतीची वाट खुली झाली.

या साऱ्या कथांत स्त्रिया जवळपास नाहीत. बारा-तेरा वर्षांची वधू मारवाड सोडून येई. शेजारणींची मराठी तिला कळत नसे आणि माहेरचा निरोप वर्षातून एखादाच मिळे. पती फेरीवर असताना दुकान, जनावरे आणि मुले तीच सांभाळी. राव-भाटांच्या वह्यांत सात-आठ पिढ्यांचे पुरुष ओळीने सापडतात; तिच्याबद्दल बहुधा माहेरच्या गोत्रापुरतीच नोंद असते.