परधर्मीयांचे प्रश्न आणि ठाणे-कल्याणची ख्रिस्ती परंपरा

ठाणे शहरातील मासुंदा तळ्याच्या परिसरात कोपिनेश्वराचे देवालय आहे आणि योहान बाप्तिस्त्याच्या नावाचे जुने चर्चही आहे. एका ठिकाणची घंटा दुसऱ्या ठिकाणी ऐकू यावी इतका हा शेजार जवळचा आहे. तथापि या शेजाराला शतके लोटली तरी परस्परांविषयीची माहिती मात्र फारशी वाढलेली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सुशिक्षित हिंदू कुटुंबांत ख्रिस्ती शेजाऱ्याविषयी तीन प्रश्न हमखास निघतात. तुमचा धर्म पोर्तुगीजांनी आणला ना? तुमच्या पूर्वजांना जबरदस्तीने बाटविले ना? आणि आडनाव परेरा किंवा डिसोझा असताना तुम्ही मराठी कसे? यांवर ख्रिस्ती मनुष्य कधी रागावतो, कधी हसून विषय बदलतो. दोन्ही वेळा प्रश्न होता तेथेच राहतो.

आम्ही येथे कोणत्याही धर्माचे मंडन किंवा खंडन करण्यास बसलेलो नाही. या प्रांताच्या इतिहासात चर्चला बाहेरच्या माणसांनी कोणकोणते प्रश्न विचारले, त्यांना उत्तरे कशी मिळाली आणि त्या उत्तरांचे पुढे काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे. कारण हा प्रकार आजचा नाही. पोर्तुगीजांचे पहिले गलबत या किनाऱ्यास लागण्याच्या कितीतरी आधीपासून तो चालत आला आहे.

सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस इंडिकोप्लेउस्टस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ग्रंथकाराने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरी इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचे नमूद केले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे अनेक विद्वान मानतात. सर्वांचे त्यावर एकमत नाही. पण कल्याणच्या खाडीतून इराणी आखाताशी व्यापार चालत होता, हे ध्यानी घेता ही गोष्ट असंभाव्य वाटत नाही. कल्याण बाजूस ठेवले तरी ठाण्याचा पुरावा अधिक भक्कम आहे. चौदाव्या शतकाच्या पहिल्या चरणात ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्यास आला, तेव्हा त्यास तेथे नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे आढळली. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. हा धर्म या खाडीवर प्रथम आला तो तलवारीबरोबर नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर आला.

याच ठाण्यात सन 1321 च्या एप्रिल महिन्यात जो प्रसंग घडला, तो आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व दिमित्री असे चौघे फ्रान्सिस्कन पंथाचे लोक ठाण्यात एका नेस्टोरियन कुटुंबाच्या घरी उतरले होते. त्या वेळी ठाणे दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. ओडोरिकाच्या वृत्तान्तानुसार त्या घरातील नवराबायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोस मारले, आणि ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, असे विचारता तिने या परदेशी साधूंचे नाव सांगितले. तेव्हा काझीजवळ बसलेल्या अलेक्झांड्रियाच्या एका गृहस्थाने सुचविले की, हे लोक शास्त्र जाणणारे आहेत, तर त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी. साक्ष राहिली एकीकडे आणि वाद सुरू झाला तो ख्रिस्त देव की मनुष्य, यावर. पीटर सामान सांभाळीत घरीच राहिला होता. बाकीच्या तिघांनी आपल्या परीने उत्तरे दिली. शेवटी काझीने विचारले, आमच्या पैगंबराविषयी तुमचे मत काय? प्रथम त्यांनी उत्तर आडवळणाने दिले. पुन्हा पुन्हा टोचून विचारल्यावर वडीलकीच्या थॉमसने असे कडवट उत्तर दिले की त्यानंतर चर्चेस जागाच उरली नाही. मलिकाने त्यांना खाडीपलीकडे सुखरूप पोहोचविले होते. पण काझीच्या आग्रहावरून रात्री मारेकरी पाठवून त्यांना ठार करण्यात आले, आणि पुढे पीटरचीही तीच गत झाली. त्यांचा सोबती जॉर्डानस या वेळी भडोचच्या वाटेवर होता. त्याने परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले.

चर्चच्या दृष्टीने हे चौघे हुतात्मे होत, आणि धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. काझीचा शेवटचा प्रश्न हा जिज्ञासेचा प्रश्न नव्हता. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने, उत्तर कोणतेही आले तरी उत्तर देणारा सापडावा, अशा बेताने तो विचारला होता. अशा प्रश्नाला दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर आघात करून उत्तर देणे म्हणजे विचारणाऱ्याला हवे तेच त्याच्या हाती देणे होय. ती पंधरा नेस्टोरियन घरे मात्र याच गावात, याच काझीच्या शेजारी नांदत होती. ओडोरिकाने त्यांची संख्या लिहिली, त्यांचे बोलणे लिहिले नाही. रोजच्या व्यवहारात सचोटीने वागून दिलेली उत्तरे इतिहासाच्या पानांवर सहसा चढत नाहीत.

दोन शतकांनी चक्र फिरले. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांस मिळाली आणि साष्टी व ठाणे त्यांच्या अमलाखाली आले. आता सत्ता चर्चच्या बाजूस होती. सत्ता बाजूस असली की प्रश्नाचे उत्तर देण्याची गरजच वाटेनाशी होते. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले. गोव्यात 1560 मध्ये धर्मन्यायासन स्थापन झाले व त्याचा हात उत्तरेकडील मुलुखापर्यंत पोहोचला. देवळे पडली, देवमूर्ती लपवून खाडीपार नेण्याची वेळ लोकांवर आली. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना ख्रिस्ती मनुष्याने हे नाकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सर्वच धर्मांतरे बळाने झाली असे म्हणणे जितके चूक, तितकेच कोणतेही बळाने झाले नाही असे म्हणणे चूक. आणि शेजाऱ्यास जी गोष्ट ठाऊक आहे ती नाकारणाऱ्याचे बाकीचे खरे बोलणेही मग खोट्यात जमा होते.

परंतु त्याच काळात एक वेगळे उत्तरही घडत होते, आणि ते मराठीत घडत होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यातील साष्टीत (आपल्या ठाण्याकडील साष्टीहून ही निराळी) ‘ख्रिस्तपुराण’ रचले व ते 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचा हा ग्रंथ आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याची मांडणी महत्त्वाची. पहिल्या अवस्वरातच एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस काय देता? ही तक्रार आहे, आणि मोठी न्याय्य तक्रार आहे. पाद्री तिच्यावर रागावत नाही. तो पुराण सांगावयास बसतो. ओवी तीच, निरूपणाची पद्धत तीच, श्रोत्याने शंका काढावी व वक्त्याने तिचे समाधान करावे हा प्रघातही तोच. पुढे गोव्यातच एस्तेव्हाँव द ला क्रुआ या दुसऱ्या जेझुइटाने ‘पीटर पुराण’ लिहिले. त्यात हिंदू दैवतांच्या खंडनावर भर आहे. आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्याचा गौरव होतो, दुसऱ्याचा केवळ उल्लेख होतो. मराठी मनाने कोणते उत्तर आपले मानले, हे यावरून उघड होते.

1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई सर केली. शरणागतीच्या कलमांत ख्रिस्त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवलेली होती. युरोपीय पाद्री बहुतेक निघून गेले. देशी धर्मगुरूंनी व गावकऱ्यांनी चर्च जगविले. सत्तेचा आधार सुटल्यावरही हे लोक ख्रिस्ती राहिले, ही गोष्ट दुसऱ्या प्रश्नाचा विचार करताना विसरून चालणार नाही. मूळ कारण काहीही असो, 1739 नंतरची त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची होती. आणि त्यांची बोली, लुगडे, लग्नातील उंबराचे पाणी, सुगीचा ‘आगेरा’ हा सण, हे सर्व या मातीतलेच राहिले.

मग तिसरा प्रश्न निघतो तो का? त्याचे एक कारण मोठे मौजेचे आहे. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ काढली. गोवे व मंगळूरकडील ख्रिस्त्यांहून आपण निराळे, मुंबई इलाख्याचे मूळचे रहिवासी, हे इंग्रज सरकारास कळावे म्हणून कंपनीच्या नावाशी जुळणारे हे नाव घेतले गेले. सरकारच्या प्रश्नाचे ते सोयीचे उत्तर होते. परंतु मराठी शेजाऱ्याच्या मनात त्यानेच नवा प्रश्न उभा केला. साष्टीचा भूमिपुत्र नावाने परका दिसू लागला. उत्तर देताना आपण कोणास ते देत आहो, याचे भान ठेवावे लागते ते यासाठी.

एकोणिसाव्या शतकातील जाहीर वादांचा प्रकार आणखी निराळा. 1831 च्या फेब्रुवारीत मुंबईस डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद सहा संध्याकाळी चालला. दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनने 1832 मध्ये तिचे खंडन छापले. 1857 मध्ये 15 जानेवारीपासून 28 मेपर्यंत गिरगावच्या समुद्रकिनारी दर गुरुवारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्या सभा भरत. बावांचे प्रश्न तिखट असत, आणि समोर उभे राहणाऱ्यांत मिशनचा पगार सोडून गरिबीने राहणारा अमेरिकन जॉर्ज बोवेन असे. हे वाद वाचताना बुद्धीस आनंद होतो, यात संशय नाही. पण जमावासमोर हरणे कोणासच परवडत नाही, म्हणून तेथे समजून घेणेही कोणास परवडत नाही. दोन्ही पक्षांनी आपापली पुस्तके छापली, आणि श्रोते आपापल्या घरी गेले.

याच्या उलट उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरचे आहे. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा सर्वांत मोठा प्रश्न त्यांच्या पत्नीचाच होता, आणि तो प्रश्न शब्दांचा नसून अश्रूंचा होता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही, आणि टिळकांनी ते सोडावयास लावलेही नाही. 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराने. ‘स्मृतिचित्रे’ घरोघर वाचली गेली, आणि ख्रिस्ती घर आतून कसे असते हे महाराष्ट्रास प्रथम कळले ते बहुधा या पुस्तकातून. कोणत्याही वादग्रंथाने हे काम केले नाही.

अगदी अलीकडे हाच धडा पुन्हा दिसला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथे जानेवारी 2020 मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा धर्मगुरूस हा मान का, असा आक्षेप काही मंडळींनी घेतला. त्यास उत्तर फादरांच्या आयुष्यातच होते: ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, वसईच्या हिरवाईसाठी दिलेला लढा, आणि ‘सुबोध बायबल’सारखा मराठी ग्रंथ. 2024 मध्ये ते निवर्तले, तेव्हा मराठी वाचकाला आपलाच एक लेखक गेल्याचे दुःख झाले.

एवढ्या इतिहासावरून जे निष्पन्न होते ते थोडक्यात सांगावयाचे तर असे की, ख्रिस्ती मनुष्याने प्रथम विचारणाऱ्याकडे पाहावे, मग प्रश्नाकडे. सापळा लावणाऱ्याशी संयमाने वागावे; जिज्ञासूपुढे मात्र काही लपवू नये, पूर्वजांच्या काळचा अन्यायसुद्धा. उत्तर ऐकणाऱ्याच्या भाषेत द्यावे, आणि त्याच्या दैवतास न दुखविता द्यावे. पण हा नियम एकट्या ख्रिस्त्यास लावून भागणार नाही. काझीसारखा प्रश्न विचारून स्टीफन्ससारख्या उत्तराची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणासही नाही. डोंबिवलीतील एखाद्या इमारतीत एकाच जिन्यावर राहणाऱ्या दोन कुटुंबांना हे साधले, तर सातशे वर्षे या खाडीकाठी चाललेल्या प्रश्नोत्तरांचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.