‘पात्र’ देहाचा इतिहास

‘पात्रता’ हा शब्द आम्हां अध्यापकांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु स्थूलतेवरील शस्त्रक्रियेसाठी देहालाच पात्र ठरावे लागते, आणि त्या पात्रतेचा आकडा मुळात वैद्यकात जन्मलेला नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

या आकड्याचा उगम बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ आडोल्फ केतले याच्याकडे जातो. १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे निरीक्षण. त्याला समूहाचे वर्णन करावयाचे होते. एखाद्या माणसाचे निदान हा त्याचा हेतू नव्हता.

वर्णनाचे रूपांतर दंडकात केले ते विमाव्यवसायाने. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२-४३ मध्ये ‘आदर्श’ वजनांचे तक्ते प्रसिद्ध केले. १९५९ मध्ये ‘आदर्श’च्या जागी ‘इष्ट’ हे विशेषण आले. या तक्त्यांचा आधार विमाधारकांच्या मृत्यूच्या नोंदी हा होता. म्हणजे ज्यांना विमा परवडला, त्यांचे देह सर्वांसाठी प्रमाण ठरले.

१९५४ मध्ये मिनेसोटात आतड्याच्या ‘बायपास’चा प्रयोग झाला, १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराची ‘बायपास’ शस्त्रक्रिया सुरू केली. शस्त्रक्रिया कोणावर करावी, याचे प्रचलित उत्तर होते : तक्त्यातील वजनापेक्षा शंभर पौंड अधिक असणाऱ्यावर. विम्याचा तक्ता असा शस्त्रक्रियागृहात पोहोचला. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी केतलेच्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले, आणि १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने मर्यादा आखली : निर्देशांक ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५. पुढे विमा कंपन्यांनी हीच मर्यादा खर्चमंजुरीची अट केली. वर्तुळ पूर्ण झाले.

भारतीय विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवाद-कलमातही हेच आकडे आहेत. वय किमान अठरा, वैद्यकीय सल्ला, आणि निर्देशांक ४०. अथवा ३५ व त्यासोबत अनियंत्रित मधुमेहासारखी व्याधी, तीही सौम्य उपाय अयशस्वी ठरल्यावर. १६० सेंटिमीटर उंचीच्या मधुमेही स्त्रीचे वजन ९० किलो असेल तर निर्देशांक ३५.२ भरतो; ८८ किलो असेल तर ३४.४. कलमाचा शब्दशः अर्थ घेतल्यास, पथ्य पाळून दोन किलो उतरविणारी स्त्री आपली पात्रता गमावते!

वस्तुतः आशियाई देहांत धोका कमी निर्देशांकापासूनच वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये मांडले होते. २०२२ मध्ये शल्यविशारदांच्या दोन आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या संघटनांनी सहव्याधीची अट न घालता ३५ ही मर्यादा सुचविली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे म्हटले. शास्त्र पुढे सरकले तरी कलमाची भाषा मात्र आपोआप सरकत नाही.

मर्यादा नसावी, असे आम्ही म्हणत नाही. शस्त्रक्रिया धोक्याची आहे, आणि निधीही अमर्याद नाही. परंतु कोणताही दंडक वाचताना तो कोणी, कोणासाठी व कशासाठी रचला, हे विचारणे हा आमच्या विद्याशाखेचा संस्कार आहे. साहित्यकृतीबाबत आपण तो पाळतो. विम्याच्या कलमाबाबत का पाळू नये? तेथे तर चुकीच्या वाचनाची किंमत एखादा देह मोजत असतो.