चांदणी चौकाची पुनर्रचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतातील बाजारपेठांच्या इतिहासात दिल्लीच्या चांदणी चौकाला विशेष स्थान आहे. शाहजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने १६५० च्या सुमारास ही पेठ वसविली. लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत जाणाऱ्या या रुंद रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत असे. काठाने झाडे आणि दुतर्फा दुकाने होती. मध्यावरील हौदात चांदणे उतरे, म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते. येथील पाणी व सावली केवळ शोभेसाठी नव्हती. दिल्लीच्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक रस्त्यावर टिकावयाचे, तर त्यावाचून पेठ चालणे कठीणच होते.

अठराव्या शतकात कोरडा पडलेला कालवा इंग्रजांनी १८२० मध्ये पुन्हा वाहता केला. १८५७ नंतर मात्र पेठेचे रूप पालटले. जहाँआराच्या सराईच्या जागी टाऊन हॉल व हौदाच्या जागी घंटाघर आले. कालवाही पुढे झाकला गेला. १९०८ पासून येथे ट्राम धावली. ती बंद झाल्यावर मोटारींची संख्या वाढत गेली व पादचाऱ्यास जागा उरली नाही.

या कोंडीचा पहिला दोष सायकलरिक्षावर ठेवण्यात आला, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. २००६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने चांदणी चौकात सायकलरिक्षांना बंदी झाली. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये शहरातील रिक्षांच्या संख्येवरील मर्यादा रद्द ठरविली. रस्त्याची सर्वाधिक जागा अडविणारी मोटार या काळात जवळजवळ निर्दोष राहिली, ही बाब नगरनियोजनाच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये.

२०१८ च्या अखेरीस सुरू झालेल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालेल्या पुनर्रचनेने हा क्रम उलटविला. सुमारे १.३ किलोमीटर रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी झाली, पदपथ रुंदावले, तांबड्या दगडाची फरसबंदी व बाके आली, रोपे लावली गेली आणि सायकलरिक्षेला अधिकृत मार्गिका मिळाली. यास जुन्या वैभवाचे पुनरुज्जीवन म्हटले जाते; ते पूर्णतः मान्य करता येत नाही. कालवा परतला नाही. ज्या मध्यपट्ट्यातून पाणी वाहत होते, तेथे आता विद्युत रोहित्रे व स्वच्छतागृहे आहेत. कुंडीतील रोप काठावरच्या झाडाची सावली देत नाही आणि दगडी फरसबंदी उन्हात तापते. पुनर्रचनेचे खरे महत्त्व सौंदर्यात नसून रस्त्यावरील अग्रक्रम बदलण्यात आहे.

तो अग्रक्रमही अपुराच राहिला. ही पेठ प्रामुख्याने घाऊक व्यापाराची आहे. मालवाहू मोटारींना रात्री ९ नंतरच मुभा असल्याने दिवसभरातील गठ्ठ्यांची ने-आण हमालांच्या पाठीवर आणि हातगाड्यांवर येते, आणि रुंद केलेल्या पदपथावर त्यांच्यासाठी वेगळी जागा आखलेली नाही.