अंगणांत आलेली शाळा

शिशुशाळांचा इतिहास बहुधा साधनांच्या आणि पद्धतींच्या अंगानें सांगितला जातो. परंतु तीन-चार वर्षांचें मूल शाळेंत येतें तें आपलें घर बरोबर घेऊनच येतें. घरची भाषा, घरची भूक, घरचें भय यांपैकीं कांहींच दाराबाहेर राहत नाहीं. म्हणून पालकांशीं नातें कसें जोडावें, हा प्रश्न बालशिक्षणाच्या प्रत्येक प्रवर्तकापुढें उभा राहिला. महाराष्ट्रांत त्यास मिळालेलें उत्तर विशेष मननीय आहे.

डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तें भाडेकरूंच्या चाळींतच होतें. मातांनीं आठवड्यांतून एकदां तरी संचालिकेशीं मुलाविषयीं बोलावें, अशी तेथें योजना होती; परंतु मूल अस्वच्छ आलें तर त्यास काढून टाकावें, असाहि नियम होता. शाळा घराच्या दाराशीं आली खरी. स्वच्छतेचा भार मात्र घरावरच राहिला.

हे विचार आपल्याकडे रुजविण्याचें मोठें काम वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनीं केलें. भावनगर येथें १९२० मध्यें त्यांनीं बालमंदिर स्थापिलें. १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ निघाला. मुलास मार व धाक यांनीं वळण लागत नाहीं, हें आईबापांस पटविणें दोघांनींहि आपल्या कार्याचाच भाग मानलें. ‘शिक्षणपत्रिका’ हें त्याचें एक साधन होतें. पुढें १९३६ मध्यें ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार सुरू केला.

परंतु लेख वाचून विचार बदलणारा हा पालक शहरांतील होता. ज्यांचा दिवस पहांटे मजुरीनें सुरू होतो आणि ज्यांच्या घरीं अक्षर पोंचलेलें नाहीं, त्यांच्या मुलांचें काय? या प्रश्नानें ताराबाईंस १९४५ मध्यें तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीस नेलें. तेथील ग्राम बालशिक्षा केंद्रांत अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. गरीब वस्त्यांतील मुलें शाळेंत येईनात. तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. रोममध्यें जी प्रवेशाची अट होती, ती येथें पहिला पाठ झाली: मुलांचे हातपाय धुणें, नखें कापणें, केंस विंचरणें. महाग साधनांच्या जागीं शिंपले, खडे, बिया आणि पानें आलीं. हें सारें आईच्या डोळ्यांदेखत चाले, आणि म्हणूनच तें उपदेशावांचून तिच्यापर्यंत पोंचे.

१९५७ मध्यें हें कार्य डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत, गेलें. धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसणारी मुलगी शाळेस येऊं शकत नव्हती. तिला दोष न देतां पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यांत आलीं; हीच विकासवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तर शाळा कुरणांत भरली, ती कुरणशाळा.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें सहा वर्षांखालील बालकांसाठीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांचें ‘अंगणवाडी’ हें नांव आतां देशभर रूढ आहे. त्या नांवांत एक जुना निर्णय सांठविलेला आहे. मूल येत नाहीं म्हणून आईबापांस बोल लावणें सोपें होतें. त्या दोघींनीं, तें कां येत नाहीं हें घरीं जाऊन पाहिलें, आणि घर बदलण्याची वाट न पाहतां शाळा बदलली. शहरांतील सुसज्ज शिशुशाळेसहि हा धडा घेण्याजोगा आहे. कारण पालकाची अडचण समजून घेतल्याखेरीज त्याचें सहकार्य कोणासच मिळत नाहीं.