टायपिंगच्या क्लासची फी कोणी भरली?

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एखादं टायपिंग इन्स्टिट्यूट हमखास असायचं. पहिल्या मजल्यावर लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं. एक तासाची बॅच. सकाळी उजाडल्यापासून रात्री दुकानं बंद होईपर्यंत खडखडाट चालू. मराठी तीस, इंग्रजी तीस, मग चाळीस, अशा परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून व्हायच्या. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी मिनिटाला ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागत. पदवी नसलेल्या मुलामुलींना सरकारी नोकरीचं दार उघडून देणारा कागद तोच होता.

अशाच एका खोलीतून मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक झाले. निवृत्तीनंतर मुलींना टायपिंग शिकवते. 'जग बदलतंय, नवी कौशल्यं शिका' हा उपदेश हल्ली त्यांच्या कानावर सतत पडतो. उपदेश खोटा नाही. पण आमच्या पेशाचा इतिहास पाहिला, तर त्याच्या पोटात दडलेला एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, असं दिसतं. शिकण्याचा खर्च कोणाचा?

टाइपरायटर येण्याआधी कारकुनी म्हणजे मोडी. बोरू न उचलता, एका ओढीत लिहायची लिपी. पेशवाईची दप्तरं तिच्यात आहेत आणि इंग्रजी अमदानीतले गावपातळीवरचे ढीगभर कागदही. अक्षराचं वळण घरात वडीलधाऱ्यांकडून नाहीतर कचेरीत उमेदवारी करून शिकायचं. उमेदवार म्हणजे बिनपगारी. जागा रिकामी होईपर्यंत तो दप्तर लावायचा, नकला करायचा, आणि तोवर त्याचं पोट घरचे भरायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छापखान्याच्या बाळबोधीपुढे मोडी मागे पडत गेली, पुढे शाळेतूनही गेली. एका पिढीने पोट मारून कमावलेलं ज्ञान दप्तरात बांधून पडलं.

अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली टाइपरायटर बाजारात आणला. त्या यंत्राने तिकडच्या कचेऱ्यांत स्त्रियांना पहिल्यांदा मोठ्या संख्येने शिरकाव मिळाला. आपल्याकडे तो बँका, पेढ्या आणि हायकोर्टातून इंग्रजीच्या पायांनी आला. मराठी टंकलेखकाला खरी मागणी आली ती राज्य झाल्यावर. ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय स्थापन झालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत मराठीत टाइप करणारी माणसं लागू लागली. यंत्रही आता देशी मिळत होतं, कारण १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढलेला होता. पण त्यावर बसणारी बोटं तयार करण्याची जबाबदारी कचेरीने घेतली नाही. ती टायपिंग क्लासवर आणि पर्यायाने आईबापांवर पडली. माझ्या आईने फी दिली ती भिशीच्या पैशांतून.

हे काम वरून दिसतं तितकं यांत्रिक नव्हतं. मराठीची सगळी अक्षरं यंत्राच्या कळांत मावत नाहीत. म्हणून 'ण' किंवा 'श' काढायचा, तर आधी अर्धं अक्षर आणि मग काना, असे दोन ठोके. काही कळा दाबल्यावर कॅरेज जागचं हलायचंच नाही, त्यामुळे कोणती खूण कुठे बसणार याचा अंदाज बोटांत मुरावा लागे. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. 'कि' काढताना बोट आधी वेलांटीवर जायचं आणि मग 'क'वर. वर कागदांच्या मध्ये कार्बन घातलेले. एक चूक झाली की प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडावं लागायचं, आणि न्यायालयाच्या निकालपत्रात खाडाखोड शोभत नाही. म्हणून हात चालायच्या आधी डोकं चालावं लागे. डिक्टेशनमध्ये साहेब ओघात 'वादी' म्हणून गेले आणि संदर्भ प्रतिवादीचा असला, तर तिथे थांबून विचारायचं. गट नंबर ऐकू आला तरी सातबाऱ्याशी ताडून बघायचा. जमिनीच्या दाव्यात एक आकडा चुकला, तर कुणाच्या तरी दारात दुसऱ्याचं कुंपण उभं राहतं. ही नजर कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेली नव्हती. तिथे फक्त वेग लिहिलेला होता.

मग संगणक आला. २००१ साली एमएससीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली आणि पाहता पाहता सरकारी नोकरीची अट बनली. नोकरीत असलेल्यांना २००७ अखेरची मुदत मिळाली. तोवर परीक्षा पास न झाल्यास वेतनवाढ रोखण्याची तरतूद होती, पन्नाशी ओलांडलेल्यांना सूट. नवं यंत्र शिकायला आमची हरकत नव्हती. अडचण बोटांची होती. इन्स्क्रिप्ट कळफलकावर आधी 'क' दाबायचा आणि वेलांटी नंतर. अर्ध्या अक्षराला काना जोडायची गरज नाही. सगळं सोपं आणि शास्त्रशुद्ध. पण वर्षानुवर्षं आधी वेलांटीकडे धावलेलं बोट एका शासननिर्णयाने थांबत नाही. कामाचे तास संपल्यावर, घरचा स्वयंपाक उरकून, स्वतःच्या पैशाने क्लासला जाणाऱ्या बायका मी पाहिल्या. नियम सगळ्यांना सारखा होता, पण मोकळी संध्याकाळ सगळ्यांकडे सारखी नव्हती. २००९ मध्ये गोदरेजने टाइपरायटरचं उत्पादन थांबवलं. यंत्र संपलं, आणि ज्या क्लासेसना जमलं त्यांनी कर्ज काढून संगणक बसवले.

आता तिसरी लाट आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासाने म्हटलं की नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा सर्वांत मोठा परिणाम कारकुनी कामावर होईल. त्यातल्या २४ टक्के कामांवर तिचा प्रभाव मोठा पडू शकतो आणि आणखी ५८ टक्क्यांवर मध्यम, आणि ही कामं जास्त करून बायका करत असल्याने झळही त्यांनाच जास्त. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या अहवालात वेगाने घटणाऱ्या कामांच्या यादीत टपाल कारकून, बँकेतले रोखपाल आणि डेटा एंट्री करणारे आहेत. २०३० पर्यंत कामगारांची सुमारे ३९ टक्के कौशल्यं बदलतील, असा त्यांचा अंदाज आहे.

हे आकडे आमच्या दारात कसे आले ते २०२३ सालाकडे पाहिलं की कळतं. २१ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाची सुनावणी चालू होती. त्या दिवशी पहिल्यांदा कृत्रिम बुद्धिमत्तेने बोलणं ऐकून लगोलग अक्षरांत उतरवलं. आम्ही आयुष्यभर जे केलं, ते यंत्र पडद्यावर करत होतं. त्याच वर्षी, पावसाळा सरताना, मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. अनेक कुटुंबांच्या हक्काचे पुरावे होते त्या लिपीत, आणि ती वाचणारी माणसं थोडी. काही अभ्यासकांनी आणि हौशी शिक्षकांनी ती विद्या पदरमोड करून जपली होती, तिचा सरकारला उपयोग झाला.

या दोन घटना मी एकमेकींशेजारी ठेवते, कारण कोणतं कौशल्य उद्या निरुपयोगी होईल आणि कोणतं पुन्हा लागेल हे बाजाराला आधी कळत नाही. मग त्याचा सगळा जुगार एकट्या कामगाराने का खेळायचा? उमेदवारी करणाऱ्या कारकुनाने तो खेळला, फी भरणाऱ्या आईने खेळला, वेतनवाढीच्या भीतीने क्लासला गेलेल्या बायकांनी खेळला. फायदा मात्र प्रत्येक वेळी कचेरीला झाला.

माझ्याकडच्या मुलींना मी वेग शिकवते, पण त्याहून जास्त वाचायला शिकवते. सातबारा, खरेदीखत, निकालपत्र. यंत्राने उतरवलेला मजकूर बरोबर आहे का, हे सांगू शकेल त्या मुलीला काम राहील, असं मला मनापासून वाटतं. सर्वोच्च न्यायालयातही तो मजकूर वकिलांकडून तपासून घेण्याची पद्धत ठेवली गेली. पण माझ्या शिकवण्याने हा प्रश्न सुटत नाही. ज्या कार्यालयाला नवं कौशल्य हवं आहे, त्याने ते कामाच्या वेळात, पगार चालू ठेवून, स्वतःच्या खर्चाने शिकवावं. तपासणाऱ्या नजरेला वेगाइतकीच किंमत पदाच्या जाहिरातीत लिहून द्यावी. आणि एखादी विद्या मोडीत काढण्यापूर्वी ती जाणणारी चार माणसं तरी पगारावर ठेवावीत. दीडशे वर्षं कामगारांनी आपल्या शिक्षणाची फी स्वतः भरली आहे. यापुढची मालकाने भरावी.