खापर कोणाच्या माथी?

डोळे मिटा आणि उजवा खांदा जरा पुढे काढा. आला ना भार? दोन कानांचा, बुडाशी निमुळता, वाइनने गच्च भरलेला घडा आहे तो. सांभाळा.

तुम्ही आहात प्राचीन इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिम तीरावर, मालकाटाला, तिसऱ्या आमेनहोतेपच्या राजवाड्यात. त्याच्या राज्याला 30वं वर्ष लागलंय, म्हणून महोत्सव. मांस, चरबी, मध, बियर, वाइन, सगळं घड्यांतून येतंय. वाळू तव्यासारखी तापलीय. गाढवं ओरडतायत, मुकादम त्यांच्यावर वरताण. कांदा, घाम आणि आंबलेल्या बियरचा वास नाकात ठाण मांडून बसलाय. माशा तर तुम्ही तोंड कधी उघडता याचीच वाट बघतायत.

कोठाराच्या दारात, आहे तेवढ्या सावलीत, कारकून मांडी घालून बसलाय. बोरूचं टोक चावून मऊ केलेलं, दात काजळीच्या शाईने काळे. तुमच्या घड्यावरची अक्षरं तो उजवीकडून डावीकडे पुटपुटतो: सन 30, वाइन, पश्चिम नदीकाठचा मळा, मळ्याच्या मुख्याचं नाव. मध्येच 'नेफेर, नेफेर' म्हणताना त्याची जीभ ओठांवरून फिरते. नेफेर म्हणजे चांगली. दोनदा लिहिली की फारच चांगली. आणि नाव कशाला? उद्या राजाच्या पेल्यात आंबट निघाली, तर खापर कोणाच्या माथी फोडायचं ते आधीच ठरलेलं बरं!

तुम्ही हळूच बुचाला नाक लावता. वाळलेला चिखल, त्यावर शिक्का; वास म्हणाल तर मातीचाच. इतक्यात मागून गाढवाची ढुशी. घडा सटकतो. फाटकन आवाज, पोटऱ्यांवर चिकट ओघळ. गर्दी क्षणभर चिडीचूप. माशांची मात्र चंगळ.

कारकून उठत नाही, नुसतं बोरूने खुणावतो. तुम्ही अक्षरांचा तुकडा वेचून त्याच्या हातात देता. वाइन वाळूने पिऊन टाकली. 'नेफेर, नेफेर' जसंच्या तसं. पुढे कधीतरी याच राजवाड्याच्या मातीतून अशी हजारावर खापरं निघणार आहेत. मळेकऱ्याचं नाव ठणठणीत राहिलं म्हणायचं.

तुमचं? ते कुठेच लिहिलेलं नाही. सुटलो, असं म्हणत तुम्ही पाऊल मागे घेता.

कारकून पायाजवळचं दुसरं खापर उचलतो. कोरं. मांडीवर पुसतो, बोरू शाईत बुडवतो.

"नाव काय रे तुझं?"